पोरगं चर्चला यायला तयार नाही, काय करू?

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कॅथलिक मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात (चर्चच्या उपासनेत) पहिल्यांदा पवित्र भाकर घेणं, जवळ आलेला असतो, पोराच्या प्रार्थना पाठ नसतात आणि घरात रोज त्यावरून कटकट. यावेळी भुसावळची एक केस सांगते, नावं देत नाहीये आणि घरची थोडी माहिती मुद्दाम बदललीय.

आई आली, सोबत नऊ वर्षांचा मुलगा. "ताई, दर रविवारी मिस्सा झाली की सिस्टरांच्या क्लासला सोडते पण हा काही ऐकूनच नाही राह्यला, मागच्या वेळी पोटात दुखतं म्हणून बाहेर आला आणि मी बघते तर कंपाउंडच्या भिंतीवर बसून शेव-मुरमुरे खातोय." घर रेल्वे क्वार्टरमधलं, वडील मालगाडीवर लोको पायलट, आणि आजी. आजोबा नगरकडून रेल्वेत लागले तेव्हा आजी त्यांच्यासोबत भुसावळला आली, त्यामुळे बोलण्यात नगरही आणि खानदेशही.

मुलाला थोडा वेळ एकट्याला घेतलं. आधी क्रिकेट, मग शाळा, मग स्वतःच म्हणाला, "पप्पा तर रविवारी येतच नाही. आज्जी म्हणते जे येत नाही त्यांच्यावर देव रागावतो. मग पप्पावर रागावला असेल ना? ते रात्री गाडी चालवतात."

आता बोला. आम्ही सगळे त्याला आळशी समजत होतो आणि तो बिचारा बापाच्या काळजीत. चर्चला जायचं म्हणजे आज्जीचं म्हणणं खरं मानायचं, ते त्याला नको होतं.

आईला हे सांगितलं तर ती रडली आणि मग म्हणाली, "पण ताई, शिकवायचं काम सिस्टरांचं ना, आम्हाला कुठे एवढं येतं?" इथेच बहुतेक घरं अडकतात. चर्चच्या कायद्यात कलम ९१४ आहे, मुलाची पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी करून घेणं हे आईवडिलांचं आणि पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, फादरांचं काम म्हणून त्यात लिहिलंय, आणि आईवडील पहिले आहेत. घराला घरगुती चर्च तर १९६४ पासून म्हणतायत, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेपासून. आपण मात्र ट्यूशन लावावी तसं धर्मशिक्षण लावून मोकळे होतो.

वडील तिसऱ्या भेटीला आले, खंडव्याहून रात्रभर गाडी आणून, डोळे लाल. "कॉल आला की गाडी, नाही आला की झोप, माझा रविवार कसला मॅडम. आणि खरं सांगू का, विश्वासांगीकार, ती 'मी विश्वास ठेवतो'ची प्रार्थना, मलाच अर्धी येते, पोरासमोर अडखळलो तर काय इज्जत राहील?"

मी पहिल्यांदा काही करायला नाही, बंद करायला सांगितलं. दोन आठवडे देव रागावतो हे वाक्य घरात नको. आजी माझ्यावरच तडकल्या, "मंग पोराले धाक कशाचा राहीन?" वाद नाही घातला. बायबलमध्ये पौलाने त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सुरुवातीलाच त्याच्या आजीचं नाव आहे, लोईस, आणि आईचं युनीके, तुझा विश्वास आधी त्यांच्यात होता असं तो म्हणतो, तेवढं वाचून दाखवलं. आजी गप्प झाल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ठरलं की शनिवारी रात्री उद्याच्या मिस्साचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूबद्दलचा उतारा, नातू त्यांना वाचून दाखवणार. आणि जपमाळेची पाचही दशकं (दहा-दहा मण्यांचे भाग) सगळ्यांनी मिळून हा हट्ट सोडून एक दशक सगळ्यांचं, बाकी त्यांचं त्यांनी. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या कुटुंबावरच्या पत्रात रोज थोडी मिनिटं एकत्र प्रार्थनेला काढा असंच सुचवलंय, आणि मुलांना खुणा, कृती, गोष्टी लागतात हेही.

वडिलांना एकच काम. ड्युटीला निघताना पोराच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण. पाठांतर नको, मिस्साची अट नको. नंतर रनिंग रूममधून, म्हणजे रेल्वेच्या ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीतून, फोन करून "काय वाचलं आज्जीला?" एवढं विचारायचं. विश्वासांगीकार बापलेक दोघं मिळून पाठ करायला लागले, त्यातल्या पिलाताच्या (येशूला शिक्षा देणाऱ्या सुभेदाराच्या) ओळीवर दोघं अडकायचे आणि हसायचे.

सिस्टरांशीही बोलले, महिन्यातून एकदा क्लासला घरचे सगळे यावेत म्हणून. पहिला प्रयोग साफ फसला. एप्रिल महिना, भुसावळचं ऊन, त्यात लाइट गेलेली, मोठी माणसं पालकसभेसारखी मागच्या बाकांवर रुमालाने वारा घेत बसली. दुसऱ्या वेळी बाक काढून सतरंज्या टाकल्या आणि प्रत्येक घराने कुणाच्या तरी बाप्तिस्म्याची गोष्ट सांगायची. आपल्या आजींनी मुलाचीच सांगितली, पाणी पडताच यानं दचकून फादरचा चष्मा ओढला. नातू बापाकडे असा बघत होता की जणू पहिल्यांदाच ओळख झाली.

सगळ्या घरांना हेच लागू पडेल असं नाही. नंदुरबारकडच्या काही घरांत आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरं आजीआजोबांकडे राहतात, तिथे मी सुरुवातच आजोबांपासून करते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजीआजोबांचा दिवस ठेवलाय, तो हारतुऱ्यात घालवू नका, त्यांना बोलायला लावा. आणि नवरा-बायकोतलं एक जण कॅथलिक नसेल तर त्याला सगळ्यांसमोर कधीच कोपऱ्यात घेऊ नका, नुकसान पोराचं होतं.

या मुलाचा ख्रिस्तप्रसाद घरच्यांनी आणि फादरांनी मिळून थोडा पुढे ढकलला, आजींना ते अजून पटलेलं नाही. वडील अजूनही बरेच रविवार झोपलेलेच असतात. पण मागच्या आठवड्यात आईचा फोन आला, आता नवीनच तक्रार. रात्री अडीचचा कॉल होता, पोरगं उठू नये म्हणून नवरा बूट हातात घेऊन निघाला, तर हा दारात उभा, डोळे मिटलेले आणि कपाळ पुढे केलेलं. "आणि मग सकाळी शाळेत पेंगतो ताई, त्याचं काय करू?"