वळीव पडला म्हणून कात्री काढू नका

साताऱ्याला आमची रोपवाटिका होती तेव्हा मेच्या शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाईक फिरकायचं नाही, तक्रारी तेवढ्या यायच्या. आता रोपवाटिका मुलगा बघतो, तक्रारी माझ्याकडेच राहिल्या. या वेळच्या टपालातली चार पत्रं घेते.

मोगरा गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत आहे. ऊन फार म्हणून दिवसातून तीनदा पाणी घालते. तरी पानं पिवळी पडताहेत, कळ्या उमलायच्या आत गळतात. खत कमी पडतंय का? (सोलापूर)

ताई, खताचं नाव काढू नका. पाणी जास्त होतंय, आणि बहुधा तापलेलंही. दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडून हात धरून बघा. चहाचं निम्मं आधण तिथेच झालेलं असतं! ते कुंडीत ओतलं की मुळं पोळतात. पोळलेलं मूळ ओल्या मातीतूनही पाणी ओढू शकत नाही, झाड मान टाकतं, ते बघून तुम्ही आणखी पाणी घालता आणि उरलेली मुळं कुजतात.

पहाटे टाकी निवलेली असते. सहाच्या सुमारास, तळाच्या भोकातून पाणी ठिबकेपर्यंत एकदाच घाला. संध्याकाळी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तरच पुन्हा. कुंडी थेट स्लॅबवर नको, दोन विटांवर ठेवा. बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि मातीवर उसाचं पाचट किंवा वाळका पाला पसरा.

दया येऊन मोगरा सावलीत मात्र नेऊ नका, तिथे तो नुसता पानांचा होतो. तो सावरला, एक बहर संपला, की फुलं येऊन गेलेल्या फांद्यांचे शेंडे पानांच्या एक-दोन जोड्यांइतके खुडा. कळ्या नव्या फुटीलाच येतात. शेणखताची मूठ तेव्हा.

परवा वळीव झाला, हवा गार झाली. अंगणातल्या गुलाबांना बटणाएवढी फुलं येताहेत. आत्ताच चांगली खोल छाटणी करून घेऊ का? (नाशिक)

नको. हे मी अनुभवाने सांगते. एका वर्षी रोहिणी लागायच्या आधीच वळीव पडला, मातीचा वास सुटला आणि मला राहवेना. ३२ गुलाब गुडघ्याएवढे छाटून टाकले. त्यानंतर १२ दिवस थेंब नाही, ऊन मात्र होतं तसंच. पानांची सावली गेल्यावर उघड्या पडलेल्या हिरव्या काड्या पश्चिमेच्या बाजूने तपकिरी झाल्या आणि वरून खाली वाळत गेल्या. ११ झाडं गेली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘‘मृग तरी बघायचा होतास.’’

गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. आत्ता फक्त सुकलेली फुलं आणि मेलेल्या काड्या काढा. फुलं लहान येतात ती उन्हामुळे. कळीला भरायला वेळच मिळत नाही. एक काम मात्र थांबवू नका. डोळा भरलेल्या, म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर कलम बांधलेल्या, जागेच्या खालून रानगुलाबाचा धुमारा निघाला असेल तर आजच तो उगमापासून ओढून काढा. नुसता कापलात तर पुन्हा येतो.

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय आणि मुंग्यांची रांग लागलीय. मुंग्यांची पावडर टाकली, उपयोग नाही. (ठाणे)

कापूस नव्हे, पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. गवळी गाई सांभाळतो ना, तसंच. चिकट, मेणचट झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, मातीत नको. उरलेल्या झाडावर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा, पानांच्या खालूनही. मग ऊन उतरल्यावर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडासा पातळ साबण ढवळून फवारा. भर उन्हात फवारलंत तर पानं करपतील. आठवड्याने पुन्हा, मग पुन्हा. कुंडी भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेली असेल तर आधी सुटी करा, मुंग्यांचा रस्ता तोच असतो.

दसऱ्याला घरचा झेंडू हवा. बी आत्ताच पेरू का? गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला पेरला, तर गणपतीतच फुलून संपत आला. (सांगली)

उत्तर तुमच्याच पत्रात आहे. मोठ्या झेंडूला बी पेरल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांत फुलं येतात, आणि भरगच्च झुडूप व्हावं म्हणून शेंडा खुडला तर आणखी आठ-दहा दिवस धरा. कॅलेंडरवर दसरा बघा आणि ७५ दिवस मागे मोजा. अधिक महिन्याच्या वर्षी दसरा लांबतो, मग पेरणीही लांबवा. गेल्या वर्षीची तारीख कामाची नाही.

संकरित झेंडूचं घरचं बी धरलं असेल तर फुलं आईसारखीच येतील असं धरू नका. तोरणापुरती येतात. मी तर मुद्दाम पेरते. एखादं झाड असं काही केशरी निघतं की विकत आणलेलं पाकीट फिकं पडावं. आत्ता वाफ्याची माती खणून उन्हात तापत ठेवा. बियांचं पाकीट डब्यात, डबा फडताळात.