दातांवरच्या कीटणाचा आणि चित्रकलेच्या इतिहासाचा काय संबंध?

संबंध आहे, आणि भारी आहे. कीटण म्हणजे लाळेतल्या कॅल्शियममुळे दगड झालेला थर, त्यात तोंडात गेलेलं काहीबाही अडकतं आणि शेकडो वर्षं तसंच राहतं. जर्मनीत डालहाइमला स्त्रियांच्या मठाजवळ पुरलेल्या एका बाईचं कीटण, साधारण ९९७ ते ११६२ दरम्यानची बाई, लॅबमध्ये विरघळवलं तर मायक्रोस्कोपखाली चक्क निळेशार कण, एकदोन नाही, शंभराच्या वर! खरं तर आधी शोध चालू होता ती काय खायची याचा, कीटणात पिठाचे कण वगैरे सापडतात ना. मग रामन स्पेक्ट्रोस्कोपी केली (लेझर मारून पदार्थ ओळखतात) तर निघाला लाजवर्द (लॅपिस लाझुली, ज्याची पूड करून पोथ्यांसाठी निळा रंग बनवत तो दगड), जो तेव्हा थेट अफगाणिस्तानातून यायचा आणि सोन्याच्या तोडीचा महाग होता, त्यामुळे तो कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या हातात देत नसत. म्हणजे बाई पोथ्या रंगवणारी असावी, ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरत असणार, आपण सुईत दोरा ओवताना करतो तसंच. रंग कुटताना उडालेली पूड तोंडात गेली असंही असू शकतं, पण मला ब्रशवालंच जास्त पटतं. २०१९ला पेपर आला. पोथ्यांवर बायकांच्या सह्या फारशा नसतातच, दातांवर मात्र राहिली.