कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटीत जाताना मुलं कुठे अडकतात? ते सोपं कसं होईल?

तुमचा भाचा फ्रीमाँटला हायस्कूल संपवून कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) चाललाय. 'दोन वर्षं इथे, दोन वर्षं युनिव्हर्सिटीत' हे ऐकायला इतकं सरळ असताना बरीच मुलं मध्येच का गळतात, असं तुम्ही विचारलंय. मी बे एरियातल्याच (सॅन फ्रान्सिस्कोभोवतालचा भाग) एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे कॅलिफोर्नियापुरतंच बोलते.

बहुतेक पालकांना वाटतं, खरी लढाई प्रवेशाची. माझ्या वर्गातली मुलं त्याच्या बरीच आधी रुततात: इथे घेतलेला कोणता विषय तिथे चालेल, या घोळात. आपल्याकडे पॉलिटेक्निकचा मुलगा डिप्लोमा करून थेट सेकंड इयर इंजिनिअरिंगला जातो. तंत्रशिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम राज्यभर एकच असल्यामुळे 'लातूरचं मॅथ्स पुण्यात धरतील का' असं कुणी विचारत बसत नाही. इथे तो प्रश्न जवळजवळ प्रत्येक विषयाला विचारावा लागतो.

याचं मूळ १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये आहे. क्लार्क केर यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या आराखड्यात वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), वरच्या एक-तृतीयांशांपर्यंतचे स्टेट युनिव्हर्सिटीला, म्हणजे सीएसयूला, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं, अशी वाटणी होती. तिथून तिसऱ्या वर्षाला वर चढायची सोय असेल, हे त्यातलं वचन. वचन एकत्र दिलं, कारभार मात्र तीन राहिले. आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या कॅम्पसला कशाच्या बदल्यात चालतो, याचे करार जोडी-जोडीने झालेले आहेत आणि ते असिस्ट नावाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात. संकेतस्थळ चांगलं आहे, पण अठरा वर्षांच्या मुलाने ते वाचून दोन वर्षांचं वेळापत्रक आखावं ही अपेक्षा मला अजूनही अजब वाटते.

कॉम्प्युटर सायन्सचंच घ्या, कारण आपली बहुतेक मुलं तिकडेच वळतात. चार-पाच ठिकाणी अर्ज करायचा तर एका कॅम्पसला डिस्क्रीट मॅथ्स हवं, दुसऱ्याला लिनियर अल्जेब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स, तिसऱ्याला फिजिक्सची अख्खी मालिका, चौथ्याला ठरावीक भाषेतलंच प्रोग्रॅमिंग. मूल शहाणं असेल तर सगळंच घेतं, आणि दोन वर्षांची तीन होतात. त्यातले काही विषय शेवटी नुसते 'ऐच्छिक' म्हणून जमा होतात. क्रेडिट मिळालं, पण पदवीच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य. हे फक्त इथलंच दुखणं नाही. अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या जीएओ या संस्थेने २०१७ च्या अहवालात अंदाज मांडला होता की २००४ ते २००९ या काळात एका कॉलेजातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली. त्यात सगळ्या प्रकारची कॉलेजं धरली होती, खाजगी नफेखोर धरून, म्हणून सरकारी कॉलेजांचं चित्र इतकं भीषण नाही. पण छोटंही नाही.

त्यात क्वार्टर आणि सेमिस्टरची भानगड, म्हणजे वर्षाची छोटी तीन सत्रं की मोठी दोन. कुपर्टिनोचं डी अँझा क्वार्टरवर चालतं, तिथे कॅल्क्युलस चार तुकड्यांत शिकवतात. तुमच्या बहिणीच्या फ्रीमाँटचं ओलोनी सेमिस्टरवर, तिथे तीन तुकडे. माझ्या वर्गात एक मुलगी होती, घर बदललं म्हणून तिला कॅल्क्युलसच्या ऐन मध्यावर कॉलेजही बदलावं लागलं. अर्धं झालेलं नव्या कॉलेजात नेमकं कुठे बसतं हे कुणी छातीठोक सांगेना, म्हणून तिने एक भाग पुन्हा घेतला. हुशार मुलगी, संध्याकाळी फार्मसीत काम करायची. तिला तो भाग येत नव्हता अशातला भाग नव्हता.

आता सोपं करण्याबद्दल. थोडंफार झालंय, आणि जे झालंय ते बहुतेक कायदा करूनच झालंय. विद्यापीठं स्वतःहून हललेली मी फारशी पाहिली नाहीत. २०१० च्या कायद्याने 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर' आली: इथे ठरलेली ६० युनिट्स (क्रेडिट मोजायचं माप) करा, सीएसयूमध्ये जागा नक्की, आणि तिथे आणखी ६० मध्ये पदवी. मेख एवढीच की जागेची हमी आहे, तुमच्या आवडत्या कॅम्पसची नाही, आणि यूसीवर हा कायदा बंधनकारकही नाही. २०२१ च्या कायद्यामुळे सामान्य विषयांचा एकच साचा ठरला, कॅल-गेटसी, ३४ युनिट्सचा. २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे शरद सत्रापासून, सुरू करणाऱ्यांना तो यूसी आणि सीएसयू दोन्हीकडे चालतो. २०२१ च्याच दुसऱ्या एका कायद्याने सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत समान विषयांना समान क्रमांक द्यायचं ठरलं. पहिल्या खेपेत स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी, मानसशास्त्र असे मोजके विषय आले. स्टॅटिस्टिक्स आता 'स्टॅट सी१०००', मग कॉलेज कुठलंही असो. साधी गोष्ट. फ्लोरिडात हे कित्येक दशकांपासून आहे.

गणिताचं थोडं जास्त बोलते, माझाच प्रांत आहे. पूर्वी प्लेसमेंट टेस्ट घेऊन ढीगभर मुलांना शाळेच्या पातळीच्या गणितात बसवायचे. त्याचं क्रेडिट युनिव्हर्सिटीत धरत नाहीत, आणि असे दोन-तीन वर्ग चढून मूळ विषयापर्यंत पोहोचणारे फार थोडे. २०१७ च्या एबी ७०५ या राज्याच्या कायद्याने ते बहुतांशी बंद पाडलं. आमच्यातल्या कित्येकांनी तेव्हा बोटं मोडली होती, पण कायदा बरोबर होता असं माझं मत. २०२२ च्या एबी १७०५ बद्दल मात्र मी साशंक आहे. विज्ञान-इंजिनिअरिंगच्या मुलांना जमेल तितकं थेट कॅल्क्युलसला बसवा, असा त्याचा रोख. सोबत जास्तीचे तास आणि शिकवणारी माणसं दिली तर निभेल. नाही दिली तर मुलाचं नुकसान फक्त दुसऱ्या दारात होईल.

'काउन्सेलर वाढवा' हे उत्तर तुम्हाला सगळीकडे मिळेल. वाढवावेतच. पण काउन्सेलरचा निम्मा वेळ जर ११६ कॉलेजांच्या करारांचं कोडं उलगडण्यात जात असेल, तर कोडंच लहान करणं जास्त स्वस्त पडेल. सामान्य विषयांत जे झालं तेच मेजरच्या, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाच्या, पहिल्या दोन वर्षांत व्हायला हवं: कॉम्प्युटर सायन्स, बायॉलॉजी, इकॉनॉमिक्सला यूसीच्या नऊ कॅम्पसनी मिळून एक यादी द्यावी. प्रत्येक विभागाला आपला अभ्यासक्रम जगावेगळा वाटतो, म्हणून ते अडलंय. पहिल्या वर्षाचा कॅल्क्युलस कुठेही जगावेगळा नसतो हो.

तुमच्या भाच्याला हे सगळं बदलेपर्यंत थांबता येणार नाही, तर त्याच्यापुरतं सांगते. मेजर पक्कं नसेल तरी दोन-तीन कॅम्पस मनात धरून पहिल्याच टर्मला असिस्टवर त्यांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवायच्या, आणि सगळीकडे सामाईक असलेले विषय आधी उरकायचे. कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्रीची मालिका ज्या कॉलेजात सुरू केली तिथेच संपवायची. हायस्कूलमधून थेट येतोय, म्हणून सीएसयूचा 'ट्रान्स्फर सक्सेस पाथवे' बघा: त्यात एका विशिष्ट कॅम्पसशी आधीच करार करून तीन वर्षांच्या आत तिथे जाता येतं. यूसीचे डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस 'टॅग' नावाची लेखी हमी देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत, आणि जे देतात तेही सगळ्या मेजरना देत नाहीत. टॅगचा अर्ज जायच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात, मुख्य अर्जाच्याही आधी. ही तारीख चुकलेली मुलं मला दरवर्षी भेटतात.

आणि बहिणीला 'कमी मार्कांच्या मुलांचं कॉलेज' म्हणून खंत वाटत असेल तर हिशोब दाखवा: राज्याच्या रहिवाशाला एका युनिटचे ४६ डॉलर, २०१२ पासून तेवढेच. यूसीची ट्यूशन आणि विद्यापीठाची फी मिळूनच वर्षाला १४ हजारांच्या वर जाते, पदवीच्या कागदावर मात्र यूसीचंच नाव असतं. भाचा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर हा दर लागू होत नाही, फी कितीतरी पट असते, आणि टर्मला १२ युनिट्सच्या खाली जाता येत नाही. तसं असेल तर कॉमेंटमध्ये लिहा, त्याचं गणित वेगळं मांडावं लागेल.