एका मुलावर घड्याळ लावून बघ

प्रिय नव्या सहकाऱ्या,

तुझं पत्र मिळालं. पहिल्याच महिन्यात ‘परीक्षा जवळ आलीय, तुमचा पीटीचा तास द्या’ असं ऐकावं लागलं, म्हणून चिडला आहेस. चिडायलाच हवं. पण खरं सांगू? सुरुवातीची दोन वर्षं असे तास मी हसत हसत देऊन टाकत होतो. माझ्या तासाला व्हायचं तरी काय? मुलांकडे एक चेंडू फेकायचा आणि आपण सावलीत उभं राहायचं. असा तास कुणी मागितला, तर नाही म्हणायला तोंड कुठून आणणार?

मुख्याध्यापकांकडे जाशील तेव्हा ‘खेळल्याने मार्क वाढतात’ एवढ्यावर विसंबू नकोस. मार्क वाढले नाहीत, की ते तुझ्यावरच उलटेल. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, शिवाय आठवड्यातून किमान ३ दिवस हाडं आणि स्नायू बळकट करणारा व्यायाम. आठवड्याच्या दोन-तीन तासांत हा हिशेब पुरा होणारच नाही. मग आपलं काम काय? भाषेचे शिक्षक मुलाचं जन्मभराचं वाचन वर्गात उरकत नाहीत, त्याला वाचता यावं एवढं बघतात. आपलंही तसंच. फेकणं, झेलणं, तोल सावरणं, उडीनंतर गुडघे वाकवून अलगद टेकणं, हे शिकवावं लागतं. ‘मुलं आपोआप शिकतात’ असं म्हणणारे बहुतेक स्वतः आपोआप शिकलेले असतात. ज्यांना आलं नाही, ती मुलं मैदानाच्या कडेला पोटदुखीची चिठ्ठी घेऊन उभी असतात.

त्यांच्यातल्या एकाला चेंडू फेकायला सांग आणि पायांकडे बघ. उजव्या हाताने फेकताना बऱ्याचदा उजवाच पाय पुढे पडतो. मग कंबर वळत नाही, नुसता हात झटकला जातो, चेंडू चार पावलांवर पडतो आणि सगळे हसतात. त्याला आडवं उभं कर, डावा खांदा समोर. फेकताना डावा पाय पुढे टाकायला लाव. दहा मिनिटांचं काम आहे. पण तोवर कुणी ते त्याला सांगितलेलंच नसतं!

बाद होण्याचे खेळ मी हळूहळू बंद केले. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच पहिला बाद होतो आणि उरलेला तास बसून काढतो. दोन कप्तानांना गडी निवडायला लावणंही सोड; संघ तूच पाड. हळूहळू जलद होत जाणाऱ्या बीपच्या तालावर २० मीटर ये-जा धावायची ती चाचणी (१९८२ साली लेजे आणि लँबर्ट या संशोधकांनी मांडलेली) चांगली आहे, मीही घेत आलो. फक्त तिची घडणच अशी, की ज्याचा दम सगळ्यात कमी तो सगळ्यात आधी थांबतो, तोही सगळ्यांच्या देखत. म्हणून अर्ध्यांनी धावायचं, अर्ध्यांनी आपापल्या जोडीदाराच्या फेऱ्या मोजायच्या. आकडा ज्याच्या त्याच्या वहीत, फळ्यावर नाही.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नकोस. वर्गातल्या गोंधळासाठी दुसरे शिक्षक लावत असतील, तर त्यांनाही अडव. गणिताच्या सरांनी शिक्षा म्हणून कविता पाठ करायला लावली, तर भाषेच्या बाईंना चालेल का?

आता एक काम. पुढच्या तासाला मागे रेंगाळणारा एक मुलगा किंवा मुलगी निवड, त्यांना कळू न देता. खिशात स्टॉपवॉच ठेव. ते मूल खरोखर हलतं तेव्हा सुरू कर, रांगेत थांबलं की बंद. रिलेत दहा-दहांच्या रांगा लावल्या असतील तर बघच काय होतं ते. आलेला आकडा मला कळव, मग मुख्याध्यापकांना काय लिहायचं ते ठरवू. माझा पहिला आकडा ४० मिनिटांच्या तासात ६ मिनिटं होता.

तुझा,
एक जुना पीटी सर