फ्रान्सची राजेशाही १७८९ मध्ये संपली, तर १८३० आणि १८४८ मध्ये पुन्हा राजे कुठून आले? शेवटचा राजा नक्की कोण?

सरळ उत्तर आधी देतो. फ्रान्सचा शेवटचा राजा लुई फिलिप. तो फेब्रुवारी १८४८ मध्ये गादी सोडून इंग्लंडला पळाला, तोही 'मिस्टर स्मिथ' असं नाव सांगून. त्याच्यानंतर तिसरा नेपोलियन झाला, पण तो सम्राट. त्याची सत्ता सप्टेंबर १८७० मध्ये गेली. सोळावा लुई शेवटचा नव्हेच.

आपल्या डोक्यात सगळा गोंधळ होतो तो शाळेच्या इतिहासामुळे. तिथे बास्तीयचा तुरुंग पडतो, पुढच्याच ओळीत गिलोटीन येतं आणि मग एकदम नेपोलियन. प्रत्यक्षात १४ जुलै १७८९ नंतरही सोळावा लुई तीन वर्षं राजाच होता. १७९१ च्या राज्यघटनेत त्याला नकाराधिकारसुद्धा दिलेला होता. पण त्याच वर्षी जूनमध्ये तो वेषांतर करून बायकामुलांसह पूर्व सरहद्दीकडे निघाला आणि वारेन गावात पकडला गेला. राजाच पळून जातोय म्हटल्यावर घटनेतल्या त्या राजावर कोण विश्वास ठेवणार? १० ऑगस्ट १७९२ ला जमावाने राजवाडा घेतला, २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द झाली, २१ जानेवारी १७९३ ला लुईचं डोकं उडवलं. (हा तोच लुई, ज्याचा वकील म्हणवून सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच इसम १७७७ मध्ये पुण्याला आला होता. नाना फडणीसांनी त्याची बडदास्त ठेवली आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली.)

नेपोलियन हरल्यावर १८१४ मध्ये शत्रुराष्ट्रांच्या फौजांच्या जोरावर लुईचा भाऊ अठरावा लुई म्हणून गादीवर बसला. मधला सतरावा म्हणजे सोळाव्याचा मुलगा. ते पोर १७९५ मध्ये दहाव्या वर्षी कैदेतच गेलं. राज्य एक दिवसही मिळालं नाही, पण राजनिष्ठांनी आकडा मात्र मोजला. अठरावा लुई हुशार होता. त्याने सनद दिली, संसद ठेवली आणि १८२४ मध्ये राजा म्हणूनच मेला. त्याच्यानंतर फ्रान्समध्ये ते भाग्य कुणालाच लाभलं नाही.

धाकटा भाऊ दहावा शार्ल. याने काळ उलटा फिरवायला घेतला. जुलै १८३० मध्ये वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी, सभागृह बरखास्त, मतदारांची संख्या आणखी कमी, असे हुकूम काढले. पॅरिसने तीन दिवसांत त्याला घालवलं. जाताना त्याने नऊ वर्षांच्या नातवाला, हेन्रीला, राज्य दिलं आणि घराण्याच्या दुसऱ्या शाखेतल्या लुई फिलिपला त्याची द्वाही फिरवायला सांगितलं. लुई फिलिपने ती फिरवली नाही. आठवडाभरात स्वतःच राजा झाला. याच लुई फिलिपच्या बापाने १७९३ मध्ये सोळाव्या लुईच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं होतं. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते असं नाही!

आता खरी गंमत. १८७० मध्ये तिसरा नेपोलियन प्रशियाच्या हाती सापडला, पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं आणि १८७१ च्या निवडणुकीत लोकांनी बहुमत दिलं ते राजेशाहीवाल्यांना. सहाशेहून जास्त सभासदांत सुमारे चारशे जण राजा हवा म्हणणारे. प्रश्न एवढाच, की कोणता? काही थोरल्या शाखेच्या हेन्रीचे, काही लुई फिलिपच्या नातवाचे. शेवटी तोडगा दिसला. हेन्री (तेव्हा त्याला शांबोरचा काउंट म्हणत) निपुत्रिक होता. आधी त्याने राज्य करावं, मागून ते लुई फिलिपच्या नातवाकडे जावं. ऑगस्ट १८७३ मध्ये हा नातू ऑस्ट्रियात जाऊन त्याला भेटला आणि दिलजमाई झाली. राजाच्या पॅरिसप्रवेशासाठी घोडागाड्यासुद्धा तयार झाल्या.

आणि सगळं अडलं झेंड्यावर. हेन्रीला पूर्वजांचं पांढरं निशाण हवं होतं, क्रांतीचा तिरंगा नको. तिरंग्याखाली सैन्य दोन पिढ्या लढलेलं. पांढरं निशाण लावलं तर बंदुका आपोआप सुटतील, असं राष्ट्राध्यक्ष मार्शल मॅकमहॉनने बजावल्याचं सांगतात. मध्यस्थ गेले, गोड शब्दांत गुंडाळागुंडाळी झाली. पण ऑक्टोबरच्या शेवटी हेन्रीचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं: निशाण बदलणार नाही. विषय संपला. नोव्हेंबरमध्ये तो गुपचूप व्हर्सायला येऊन राहिला, मॅकमहॉन आपल्याला घेऊन संसदेत जाईल या आशेने. मॅकमहॉनने भेटायलाच नकार दिला.

बरेच लोक हे हट्टी म्हाताऱ्याचं खूळ म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. (म्हातारा तरी कुठला, ५३ वर्षांचा होता.) तिरंगा घेणं म्हणजे संसदेच्या अटींवर राजा होणं, म्हणजे दुसरा लुई फिलिप होणं. ज्या माणसाने त्याची गादी लाटली त्याच्यासारखं व्हायचं, तर मग जन्मभर परदेशात कशासाठी काढला? त्याच्या बाजूने पाहिलं तर तो सुसंगत होता. फक्त फ्रान्समध्ये तसा राजा कुणालाच नको होता, त्याच्या बऱ्याच समर्थकांनासुद्धा.

मग राजेशाहीवाल्यांनी हेन्री मरेपर्यंत थांबायचं ठरवलं. तोवर जागा राखायला मॅकमहॉनला सात वर्षांची मुदत दिली. हेन्री काही लवकर मरेना. जानेवारी १८७५ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या निवडीची तरतूद ३५३ विरुद्ध ३५२ मतांनी, म्हणजे अक्षरशः एका मताने, मंजूर झाली आणि प्रजासत्ताक कायद्यात बसलं. पुढच्या निवडणुका प्रजासत्ताकवाल्यांनी जिंकल्या, १८७९ मध्ये मॅकमहॉन मुदतीआधीच राजीनामा देऊन गेला. हेन्री वारला १८८३ मध्ये, तोवर लुई फिलिपच्या नातवासाठी राखायला जागाच उरली नव्हती. राष्ट्राध्यक्षाची सात वर्षांची ती मुदत मात्र तशीच चालू राहिली. २००० च्या सार्वमतात फ्रेंचांनी ती पाचवर आणली.