कॅमेरा फुल फ्रेम घ्यावा की क्रॉप सेन्सरचा? जाणकारच भांडत असतील तर नवख्याने ऐकायचं कोणाचं?

तुमच्या ओळखीतला एक जण म्हणतो फुल फ्रेमशिवाय पैसे घालू नका, दुसरा म्हणतो क्रॉप सेन्सर भरपूर झाला आणि तिसरा मेगापिक्सेल मोजत बसलाय. तिघांनाही आधी विचारा, तुम्ही फोटो कशाचे काढता? निम्मं भांडण तिथेच मिटतं. पक्ष्यांमागे फिरणारा आणि मंद दिव्यांत माणसं टिपणारा हे दोघे एकाच कॅमेऱ्यावर सहमत होण्याचं काही कारणच नाही.

सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप. फुल फ्रेम सेन्सर 36 × 24 मिमीचा, एपीएस-सी, म्हणजे नेहमीचा क्रॉप सेन्सर, साधारण 23.5 × 15.6 मिमीचा. क्षेत्रफळात पहिला 2.3 पटींहून थोडा मोठा. तोच एफ-क्रमांक (लेन्सचं छिद्र किती उघडं ते; आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त) आणि तोच शटर स्पीड ठेवला तर नॉईजमध्ये, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणात, फायदा साधारण सव्वा स्टॉपचा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. फरक नक्की आहे, पण जमीन-अस्मानाचा नाही.

आता हाच हिशोब लेन्सला लावा. कॅमेऱ्यासोबत येणारी 18-55 मिमीची किट लेन्स 55 ला नेली की एफ/5.6 वर येते. घरातल्या उजेडात 1/125 सेकंदाच्या शटरला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की नॉईज वाढतो) 6400 लागत असेल, तर 50 मिमी एफ/1.8 लावल्यावर त्याच बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) 640 च्या आसपास भागतं. प्रकाश जवळजवळ दहापट, म्हणजे सव्वातीन स्टॉप. बॉडी बदलून सव्वा, लेन्स बदलून सव्वातीन! म्हणून फुल फ्रेम बॉडी घेऊन तिच्यावर मंद, म्हणजे कमी प्रकाश घेणारी, झूम लावून ठेवणं मला उलटा कारभार वाटतो. अर्थात एफ/1.8 फुकट मिळत नाही. क्रॉप बॉडीवर 50 मिमीने दीड मीटरवरून फोटो काढलात, तर फोकसची खोली, म्हणजे जेवढं मागेपुढे स्पष्ट येतं ते, जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर. दोन माणसं मागेपुढे बसली असली की एक जण धूसर येणारच. तिथे एफ/4 करा आणि आयएसओ वाढू द्या.

पक्षीवाल्यांचं म्हणणं असतं की क्रॉपवर 300 मिमीची लेन्स 450 होते. होत नाही, लेन्स 300 चीच राहते, फक्त चौकट लहान होते. खरा फायदा पक्ष्यावर पडणाऱ्या पिक्सेलचा. 24 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम फोटो एपीएस-सीएवढा कापला तर हातात जेमतेम 10 उरतात, 45 चा कापला तर 19-20. म्हणजे 24 चा क्रॉप कॅमेरा इथे दोघांनाही मागे टाकतो. समोर 60 मेगापिक्सेलची फुल फ्रेम आली की मात्र हा युक्तिवाद गळतो, मग वाद राहतो तो वजनाचा आणि पैशांचा.

मेगापिक्सेलवर फार वेळ घालवू नका. 24 म्हणजे 6000 × 4000. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 20 × 13 इंचांची प्रिंट निघते. 24 वरून 45 वर गेलात तरी लांबीत वाढ 37 टक्क्यांचीच.

डीएसएलआर (आत आरसा असलेला जुना प्रकार) की मिररलेस (आरशाविना), हा वाद जुन्या लेन्स असतील तरच गंभीर. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर मिररलेस आरएफ बॉडीला ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना मात्र स्वतःची मोटर नाही आणि निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही नाही, त्यामुळे मिररलेस झेड बॉडीवर त्या हाताने फोकस कराव्या लागतात. नवीन सुरुवात असेल तर मिररलेस घ्या. फक्त एलईडी दिव्यांखाली सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर लावू नका, फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनवरही फार विसंबू नका. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, धावणाऱ्या मुलाची नाही. त्याला 1/500 च लागतो.

सेकंडहँड घेणार असाल तर एफ/16 ला, फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते आणि ती साफ होते. लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. लेन्स परत द्या.

आणि प्राइम (झूम न होणारी) लेन्स निवडण्याआधी दोन महिने किट लेन्सच वापरा. मग फोटोंच्या माहितीत फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) बघा. बरेचसे फोटो 18 ते 24 मध्ये निघाले, तर सगळ्यांनी सुचवलेली 50 मिमी तुमच्या बॅगेत पडून राहील.