काट्याची पावती आधी वाचा, मग बोटीचे पैसे द्या

कऱ्हाडच्या दादांचा प्रश्न वाचला आणि हसू आलं, मग थोडं रडूही आलं. २२ फुटी सेंटर कन्सोल (मधोमध स्टिअरिंग असलेली उघडी फायबर बोट), २००३ ची, रत्नागिरीकडच्या खाडीत उभी, मागे ९० घोड्यांचं (हॉर्सपॉवर) टू-स्ट्रोक मशीन, मालक पावणेपाच लाख म्हणतोय. शिवसागरवर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, आणायची आहे, घ्यावी का, आणताना काय बघावं? दादा, सहा वर्षांपूर्वी हाच उद्योग मी केलाय. फरक एवढाच की माझी २१ फुटी होती आणि १९९९ ची.

आधीच सांगतो, मी बोटी तपासणारा सर्व्हेअर नाही, मेकॅनिकही नाही. साताऱ्यात नळ-पाइपांचं दुकान आहे आणि गळाचा नाद आहे. पुढे लिहितोय ते एका बोटीच्या जिवावर. दुसऱ्या कुणाचा अनुभव उलटा असेल तर त्याने जरूर सांगावं.

मशीनचं मी फार लिहीत नाही. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, गिअर ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय, मशीन गार असताना पहिला स्टार्ट आपल्यासमोर मारायचा, ट्रान्सम, म्हणजे मशीन टांगतात ती बोटीची मागची भिंत, टोकून बघायचा आणि मशीन वर उचलून हाताने रेटून बघायचं. एवढं तुम्हाला माहीत असणारच. मलाही होतं. मी हे सगळं केलं, चिपळूणहून ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला, खाडीत तासभर बोट पळवली. भरतीचं पाणी, आम्ही दोघंच, टाकीत पंधरा लिटर पेट्रोल. मशीन घड्याळासारखं वाजत होतं. साडेचार लाखांचे तीन लाख नव्वद हजार झाले आणि मी घाटी माणूस खूश.

फसलो ते पुढे. तेही पुरावा खिशात असताना.

हायड्रा क्रेनने बोट उचलून आयशरवर ठेवली. चार फूट मागे बाहेर, त्याला लाल फडकं बांधलं. चिपळूण सोडायच्या आधी ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, टायर बसल्यासारखं वाटतंय, घाट चढायचाय, काटा करू." खासगी काट्यावर गाडी घातली. त्याच्या रिकाम्या गाडीचं वजन त्याला पाठ होतं. वजा करून बोटीचं वजन निघालं १,७६० किलो. विकणारा म्हणाला होता, मशीन धरून फार तर बाराशे. ड्रायव्हरने पावती माझ्या हातात दिली आणि विचारलं, "बोट आहे का पाण्याची टाकी?" मी हसलो. नांगर असेल, दोर असतील, दोन बॅटऱ्या, खाली लावलेले लाकडी ठोकळे, असा मनातल्या मनात हिशेब जुळवला आणि पावती पाकिटात घातली. कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो.

उसाच्या काट्यात दहा-वीस किलो इकडचे तिकडे झाले तर गव्हाणीवर जाऊन भांडणारी आपली माणसं. आणि मी साडेपाचशे किलोकडे काणाडोळा केला.

बामणोलीच्या बाजूला पाण्यात सोडली. दोघं बसलो तर कशीबशी चालायची. चौघं बसलो की नाळ, म्हणजे पुढचं टोक, आभाळाकडे, मागची बाजू पाण्यात रुतलेली, फुल्ल थ्रॉटल देऊनही ३,७०० आरपीएम. त्या मशीनने पाच हजारांच्या पुढे जायला हवं. बोट उठायचीच नाही, नुसती पाणी नांगरत जायची.

इथून मशीनचा दवाखाना सुरू झाला. पहिला म्हणाला कार्बोरेटर, धुऊन घेतले. दुसरा म्हणाला रीड (मशीनमध्ये हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या पातळ झडपा), बदलले. तिसरा जरा हुशार होता. त्याने सांगितलं, मशीन समुद्रसपाटीवर जुळवलेलं आहे, इथे हवा विरळ. यात खोटं काही नव्हतं. शिवसागर पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण २,१६३ फुटांवर असते आणि दर हजार फुटांना अशा मशीनची ताकद तीनेक टक्के उतरते. म्हणजे ९० मधले पाच-सहा घोडे घाटातच राहिले. त्याने १९ पिचचा पंखा काढून १७ चा, म्हणजे कमी पिळाचा आणि मशीनला हलका, लावला, आरपीएम चारेकशे वाढले. मला वाटलं सापडलं! खऱ्या कारणाच्या शेजारी असं एक अर्धं कारण उभं असलं की माणूस तिथेच घुटमळतो. दीड वर्षात मशीनवर ८३ हजार गेले. मशीन पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं.

सापडलं ते अपघाताने. मे महिन्यात बोट काठावर ओढून ठेवलेली. रॉड होल्डर, म्हणजे गळाची काठी अडकवायची नळी, बसवायला डेकच्या कडेला, अगदी मागे खालच्या अंगाला एक भोक पाडलं. ड्रिल बाहेर आलं ते ओलं. भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं. म्हटलं डेकवर साचलेलं असेल. जेवून आलो, ठिबकतंय. दुसऱ्या दिवशी गेलो, खालची माती ओली. चौथ्या दिवशीही थेंब चालूच, आणि वर मे महिन्याचं ऊन.

मग ग्राइंडर लावून डेक कापला. आत फोम. बुडू नये म्हणून डेकखाली ओततात तो. विकणाऱ्याने तर हेच मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, "फोम आहे भाऊ, उलटली तरी तरंगेल." वरचा दोन बोटं थर पिवळा, त्याखाली काळा. मुठीत दाबला की स्पंजासारखं पाणी. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून काढला, बावीस गोण्या झाल्या. एक गोणी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली तर १६ किलो. कोरडा असता तर दोन किलोच्या आसपास भरला असता. त्याखाली तळात उभ्या बसवलेल्या फळ्या, म्हणजे स्ट्रिंगर. बाहेरून फायबर टकाटक, आतलं प्लायवूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. मी ते चमच्याने काढलंय, अतिशयोक्ती नाही.

पाणी आलं कुठून? कुणीतरी कधीतरी बर्फाच्या पेटीवर बसायची सीट डेकला स्क्रूने ठोकली होती. सहा स्क्रू, एकालाही सीलंट नाही. वीस पावसाळे त्या सहा भोकांतून पाणी मुरलं. तळाचा ड्रेन प्लग काढला की सगळं पाणी जातं असं आपल्याला वाटतं, पण फोमच्या कप्प्यातलं पाणी त्या प्लगपर्यंत पोचतच नाही. आणखी एक उलटी गोष्ट, खारं पाणी लाकडाला त्यामानाने सोसतं, सडवतं ते पावसाचं गोडं पाणी. त्यामुळे "वीस वर्षं समुद्रात होती, काही झालं नाही" यावर जाऊ नका. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. माझ्या पदरी आल्यावर दोन पावसाळे ती ताडपत्रीखाली उभी होती आणि ताडपत्रीत मधोमध तळं साचायचं. त्यात माझाही हात आहेच.

दुरुस्तीला एक लाख साठ हजार आणि एक अख्खा हंगाम गेला. बसच्या बॉडीचं फायबर करणारा एक कारागीर मिळाला, त्याने नवे स्ट्रिंगर घातले. घाई करू नका, लाकूड आणि आतली बाजू खडखडीत वाळल्याशिवाय रेझिन मारलं तर ते धरत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. फोम मी परत ओतला नाही. बूच घट्ट बसवलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन कप्प्यांत आवळून बसवले, ओले झाले तर काढून पुसता येतात. यावर जाणकार मला शिव्या घालतील. घाला. पण तरंगायला आत काहीतरी असलंच पाहिजे, ते काढून मोकळं ठेवू नका, जिवाशी खेळ आहे.

तर तुम्ही काय बघायचं. बोट पाण्यात शांत उभी असताना मागे जाऊन बघा, डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं पाण्याच्या वर आहेत का. माझ्या बोटीची पाण्याखाली होती आणि मी त्यांत लाकडी बुचं बघून "वा, काळजी घेतलीय" म्हणालो होतो! बाहेरून शेवाळाची रेघ कुठवर चढलीय ते बघा, रंगवलेल्या पाणरेषेच्या चार बोटं वर असेल तर बोट जड झालीय. डेकवर अनवाणी चाला, टाचेखाली दबलं तर मऊ पडलंय. आणि मालकाला सरळ विचारा, मागच्या खालच्या अंगाला पाच मिलिमीटरचं एक भोक पाडू का, मी बुजवून देतो. बहुतेक जण नाही म्हणतील. नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे, पण काट्यावर न्यायला नाही म्हणाला तर मी असतो तर तिथूनच परत फिरलो असतो. आणि पाण्यात बघायची तर चौघं-पाचजण बसवून, टाकी भरून बघा.

१ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात. तळ बघायला ते दिवस बरे, पण पळवून बघता येत नाही. म्हणून मेच्या मध्याला जा, पाण्यात चालवून बघा आणि वर ओढतील तेव्हा पुन्हा जा. दोन खेपांचं डिझेल जाईल.

कागदांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. माझी बोट कागदावर ज्याच्या नावावर होती तो विकणाऱ्याच्या आधीचा मालक, तो आखातात. मी पूर्ण पैसे देऊन मोकळा. वर आणल्यावर एका कार्यालयात गेलो तर म्हणे ही समुद्रातली बोट, तिकडची नोंद रद्द झाल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. तिकडच्या कार्यालयात गेलो तर म्हणे मूळ मालक समक्ष हवा, आणि बोट कुठाय? म्हटलं घाटावर. मग आमच्याकडे कशाला आलात? अकरा खेपा. एका खेपेला साहेब जेवायला गेले ते दुसऱ्या दिवशी परतले. खालच्या क्लार्कने मात्र चहा पाजला, तो माणूस बरा होता. एवढंच करा, ज्याच्या नावावर आहे त्याची सही, जुनी नोंद बंद झाल्याचा कागद आणि बँकेचा बोजा नसल्याचं पत्र हातात पडेपर्यंत निम्म्याहून जास्त पैसे देऊ नका. २०२१ च्या कायद्याने आतल्या पाण्यातल्या मशीनवाल्या बोटीला सर्व्हे आणि नोंदणी लागतेच, "आपल्याकडं कोण बघतंय" हे सांगणारे ऐनवेळी फोन उचलत नाहीत.

आणि त्याही आधी शिवसागरवर नेमकं कुठे चालवणार ते ठरवा. त्या पाण्याचा मोठा भाग कोयना अभयारण्यात आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. तिथे गळ टाकायचं मनातही आणू नका. बाकीच्या पाण्यात जलसंपदा खात्याची परवानगी लागते आणि मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिच्याशी आधी बोलून घ्या. मी बोललो नव्हतो. पहिल्याच महिन्यात दोन कटला मासे हातात आणि चार माणसं काठावर, अशी गाठ पडली. आता त्यांच्यातलाच एक मामा माझी बोट सांभाळतो. उन्हाळ्यात पाणी इतकं खाली जातं की आज बांधलेली बोट पंधरा दिवसांत चिखलात बसते, त्यामुळे रोज बघणारं माणूस लागतंच.

किरकोळ दोन गोष्टी. मशीनचा गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत, मॅग्नेशियमचे लावून घ्या, आणि कधी परत समुद्रात नेलीत तर ते काढा. आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. आपल्याच उसाचं म्हणून कौतुक आहे, पण ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की टाकीत खाली वेगळं होऊन बसतं. पावसाळ्यात बोट उभी करताना टाकी रिकामी करा, जुने रबरी पाइप आधीच बदला. टू-टी ऑइल बाइकचं घालू नका, पाण्याने गार होणाऱ्या मशीनचं वेगळं येतं.

पावणेपाच जास्त आहेत असं माझं मत, पण बोट न बघता किंमत सांगणं बरं नाही. काट्यावर मात्र नेच. माझ्या ड्रायव्हरला रिकाम्या गाडीचं वजन पाठ होतं, तुमच्या ड्रायव्हरला नसेल. आरसी बुकावरचा आकडा धरू नका, जाताना रिकामा टेम्पो त्याच काट्यावर घाला आणि त्याची वेगळी पावती घ्या. दोन्ही पावत्यांचा फोटो मला पाठवा, रात्री दुकान बंद केल्यावर बघतो.